सरळ चालणे आणि सरळ असणे

जे इष्ट स्थळी सुखरूप पोचले ते सरळच चालले, असे समजावे काय? व्यवहार या प्रश्नास बिनदिक्कत होकार देतो. माणसाच्या शीलाविषयी बोलतानाही आपण बहुधा हाच दाखला काढतो. अमक्याचा संसार नीट झाला, मुले मार्गी लागली, मागे कोणाचे देणे राहिले नाही. तेव्हा गृहस्थ नाकासमोर चालणारा होता. हे उत्तर अपुरे आहे असे आम्हांस वाटते. ते कोठे अपुरे पडते हे पाहण्यासाठी आम्ही नीतिशास्त्राच्या ग्रंथांकडे न वळता घराच्या अंगणात मेन स्टँडवर उभ्या केलेल्या मोटारसायकलीकडे, आणि तीतही केवळ तिच्या मागच्या चाकाकडे वळणार आहोत. विषय क्षुद्र वाटेल. परंतु ज्यात वाकडेपणा मिलिमीटरांत मोजता येतो अशी उदाहरणे नीतिविचाराच्या वाट्याला फारशी येत नाहीत, एवढे त्याचे समर्थन करता येईल.

मोटारसायकलीचे मागचे चाक जागचे सरकविता येते, हे ज्यांनी कधी पाना हाती धरला नाही त्यांस कदाचित ठाऊक नसेल. चेन वापराने लांबते, असे आपण म्हणतो. वस्तुतः तिच्या पट्ट्या लांबत नाहीत. त्यांना जोडणाऱ्या पिना आणि पिनांभोवतीच्या बुशी झिजतात, आणि शंभराच्या आसपास असलेल्या सांध्यांतील ही सूक्ष्म झीज एकत्र येऊन चेनला झोल पडतो. तो काढावयाचा तर चाक किंचित मागे न्यावे लागते. यासाठी ज्या दुशाखी हातात ते बसविलेले असते, आणि ज्याला मिस्त्री लोक 'चिमटा' म्हणतात, त्याच्या दोन्ही टोकांस लांबट खाचा ठेवलेल्या असतात. एक्सलचा नट ढिला करावयाचा, दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर फिरवून चाक मागे घ्यावयाचे, नट पुन्हा आवळावयाचा. थोडा झोल मुद्दाम राखावा लागतो. बहुतेक गाड्यांत तो 20 ते 30 मिलिमीटर असतो, नेमका आकडा गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत पाहावा. तो न राखला तर चाक खड्ड्यात वरखाली होताना चेन ताणली जाते आणि गिअरबॉक्सची बेअरिंगे मार खातात. इथवर सारे सोपे आहे. अडचण एवढीच की चाकाला दोन बाजू आहेत, आणि डावी बाजू जितकी मागे गेली तितकीच उजवीही गेली पाहिजे. तसे झाले नाही तर चाक चिमट्यात तिरके बसते.

किती तिरके? दोन अॅडजस्टरांमधील अंतर 200 मिलिमीटर आणि दोन चाकांच्या एक्सलांमधील अंतर 1350 मिलिमीटर धरून चालू. एका बाजूस फक्त 1 मिलिमीटरची चूक झाली, तर मागच्या चाकाची रेषा पुढच्या चाकापाशी पोचेपर्यंत 6.75 मिलिमीटर बाजूला सरकलेली असते. लहान चूक लांबवर मोठी होते, असे आपण सुभाषिताच्या थाटात सांगतो. येथे ती नेमकी पावणेसातपट होते.

आता या तिरक्या चाकाची गाडी रस्त्यावर आणली तर काय होते? ती पडत नाही. एका बाजूस वळत खड्ड्यातही जात नाही. स्वार हँडल अगदी थोडे, मागचे चाक जितके तिरके तितकेच, त्याच बाजूस धरतो. दोन्ही चाके पुन्हा परस्परांस समांतर होतात आणि गाडी सरळ रेषेत धावू लागते. मात्र तिचा सांगाडा त्या रेषेत नसतो. ओल्या मातीवरून ती नेली तर मागच्या टायरचा ठसा पुढच्याच्या मध्यावर पडत नाही, असे दिसून येते. किनाऱ्यावरच्या कुर्ल्या पाहण्याची सवय असलेल्या गोव्यातील वाचकांस ही चाल अधिक विस्ताराने सांगावयास नको. कुर्लीचे तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे असते, तरी ती बिळाशी बरोबर पोचते. नाकासमोर चालणे ही उपमा येथे निरुपयोगी होते, कारण गाडी नाकासमोर जात नाही आणि तरीही रस्ता चुकत नाही.

याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. हँडल धरणाऱ्या हातास आपण काही सावरीत आहो याची जाणीव दोन-चार दिवसांपलीकडे राहत नाही. सावरणे हीच त्याची स्वाभाविक स्थिती होते. अशा स्वारास गाडी सरळ चालते का, असे विचारले तर तो 'हो' म्हणेल, आणि ते म्हणताना तो खोटे बोलत नसेल. एखाद्यास उलट बाजूची शंका आली, तरी तिचीही ग्वाही धरता येत नाही; कारण पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडांस उतरता बांधलेला असतो. आपण डाव्या अंगाने चालतो, तेव्हा निर्दोष गाडीही हात सैल सोडताच थोडी डावीकडे ओढते. म्हणजे वाकडी गाडी सरळ वाटते आणि सरळ गाडी वाकडी वाटते. स्वाराचे अंतःकरण कितीही शुद्ध असो, या एका बाबतीत त्याच्या साक्षीला मोल नाही. आपल्याकडे 'मन साक्षी आहे' असे म्हणून पुष्कळ वाद मिटविले जातात. ज्या मनाने वाकडेपणा रोज सावरून घेतला तेच मन साक्षीस बोलावण्याची ही रीत आम्हांस नेहमीच संशयास्पद वाटत आली आहे.

कोणी म्हणेल, गाडी पोचते आणि स्वार सुखी आहे, तर बिघडले कोठे? बिघडते ते आधी चेनमध्ये. तिरक्या चाकाबरोबर त्याच्यावरील दातेरी चक्रही तिरके होते, चेनच्या आतील पट्ट्या दात्यांच्या एका कडेस घासू लागतात, आणि त्या कडेवर एक चकचकीत पट्टा उमटतो. सरावलेला मिस्त्री तेवढा पट्टा पाहूनच गाडीचा इतिहास सांगतो. चेन आणि चक्र अकाली झिजतात, पैसे जातात. ते ज्याचे त्याने भरावे. हा हिशेब स्वतःपुरता असता तर त्यास नीतीचा प्रश्न म्हणण्याचे कारण नव्हते. परंतु मोटारसायकलीला मागे आसन असते. गोव्यात भाड्याने उतारू नेणारे 'पायलट' आहेत. पुढच्या पिवळ्या मडगार्डावरून ते लांबूनच ओळखू येतात. त्यांच्या मागे बसणारी परकी व्यक्ती चेनकडे वाकून पाहत नाही, आणि पाहिले तरी तिला काही कळणार नाही. बेळगावहून चोर्ला घाटाने पावसात खाली उतरणाऱ्या गाडीवर मागे बहीण किंवा म्हातारे वडील बसलेले असतात. दोनतीन मिलिमीटरांनी कोणी पडत नाही, हे आम्ही पुन्हा प्रामाणिकपणे सांगतो. भीती घालून नीती शिकविण्यात आम्हांस रस नाही. पण फार झिजलेली चेन केव्हा तरी चक्रावरून उतरू शकते, उतरून अडकली तर मागचे चाक जागच्या जागी जखडू शकते, आणि ते केव्हा घडेल हे मागे बसणाऱ्याने ठरविलेले नसते. त्याने केवळ विश्वास ठेवलेला असतो.

तेव्हा मोजले पाहिजे. पण कशाने? कारखान्याने याची सोय करून ठेवलेली असते: चिमट्याच्या दोन्ही टोकांवर रेघा कोरलेल्या असतात. डावीकडे तिसरी रेघ, तर उजवीकडेही तिसरी. 1955 साली मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे जिचे काम सुरू झाले त्या बुलेट गाडीत रेघांऐवजी शंखाच्या घाटाच्या दोन चकत्या आहेत. त्यांच्या कडेस खाचा असतात, आणि दोन्ही बाजूंस सारख्या क्रमांकाची खाच खुंटीशी आणली की चाक सरळ झाले असे मानण्याची रूढी आहे. बहुधा ते तसे होतेही. परंतु चिमटा म्हणजे दोन नळ्या जोडून केलेली वस्तू. जोडकामात, ठोकाठोकीत, जुन्या अपघातात एक टोक केसभर पुढेमागे झाले असेल तर रेघा ते सांगत नाहीत. त्या चिमट्याशी प्रामाणिक असतात, चाकाशी नव्हे. आणि चिमटा स्वतः सरळ आहे काय, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही.

दुसरी वाट गवंड्याची आहे. चांगली न ताणणारी लांब दोरी घ्यावी. तिचा मध्य मागच्या टायरच्या पाठीमागे, जमिनीपासून जितक्या उंचीवर स्टँड व नळकांडे आड येणार नाही तितक्या उंचीवर, लावावा. दोन्ही पदर गाडीच्या दोन्ही अंगांनी पुढे नेऊन पुढच्या चाकापलीकडे दोन विटांना बांधावेत, आणि विटा हळूहळू आत सरकवीत आणाव्यात. पदर मागच्या टायरच्या पुढल्या कडेस नुसते टेकले की थांबावे. आता मागच्या चाकाची रेषा दोऱ्यांच्या रूपाने पुढच्या चाकापर्यंत आली. पुढचा टायर बहुधा अरुंद असतो. तो 90 मिलिमीटरांचा आणि मागचा 120 चा असला, तर दोन्ही बाजूंस 15 मिलिमीटर फट दिसली पाहिजे. डावीकडे 12 आणि उजवीकडे 18 दिसली, तर रेषा 3 मिलिमीटर चुकली. सुताराच्या भाषेत जवळजवळ एक सूत. हे एक सूत दुरुस्त करण्यासाठी वर धरलेल्या मापाच्या गाडीत एक अॅडजस्टर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी हलवावा लागतो. ही नाजूक गोष्ट रेघा मोजून होण्यासारखी नाही. सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्यांची आपल्याकडे थट्टा होते. पण सुताकडे पाहिलेच नाही तर काय होते, याविषयी म्हण नाही.

एवढे करून नट आवळावा, तर आवळतानाच एक्सल किंचित सरकतो. ज्या क्रियेने आपण सरळपणा कायम करतो तीच त्याला ढळविते. यावर जुनी युक्ती अशी की चेन आणि मागचे चक्र यांच्यामध्ये चिंधी घालून चाक थोडे मागे फिरवावे, म्हणजे एक्सल अॅडजस्टरांवर घट्ट दाबला जातो, आणि मग नट आवळावा. त्यानंतर दोरीने पुन्हा पाहावे. चाक मागे गेल्याने ड्रम ब्रेकच्या गाडीत ब्रेकचा रॉडही पुन्हा जुळवावा लागतो. हा भाग विसरणारे पुष्कळ आहेत, आणि तो चाकाच्या तिरपेपणापेक्षा अधिक लवकर अंगाशी येतो.

येथे एखादा चिकित्सक वाचक आम्हांस अडवील, आणि अडविणे योग्यच होईल. रेघांवर विश्वास नाही म्हणून दोरी आणली. दोरीवर तरी विश्वास का? टायर एका बाजूस फुगलेला असेल. चाकाच्या तारा सैल होऊन चाक स्वतःच 'आउट' असेल. चाक स्वतःत सरळ असणे आणि गाडीशी सरळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही गाड्यांत तर दोन चाके एका रेषेपासून काही मिलिमीटर बाजूला बसविण्याची मूळ योजनाच असते. मग दोरीला दुसरे माप, त्याला तिसरे, अशी अनवस्था कोठे संपावी?

हा वाद मोटारसायकलीहून फार जुना आहे. मीमांसकांचे म्हणणे असे की ज्ञान स्वतःच प्रमाण असते; ते बाधित होईपर्यंत खरे मानूनच चालावे. नैयायिकांचे म्हणणे असे की ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून, म्हणजे त्यावर आधारलेली प्रवृत्ती सफल झाली की नाही यावरून ठरते. पाणी दिसले, जवळ गेलो, तहान भागली, तेव्हा ते ज्ञान खरे. आमचा स्वार पहिल्या पक्षाचा आहे. त्याला गाडी सरळ वाटते, बाध आलेला नाही, तो समाधानी आहे. आणि आरंभीचा व्यवहार वरवर पाहता दुसऱ्या पक्षाचा: गाडी पोचली, प्रवृत्ती सफल झाली. पण येथे एक गफलत होते. पोचण्याने जे सफल झाले ते रस्त्याविषयीचे ज्ञान, चाकाविषयीचे नव्हे. पणजीची वाट बरोबर होती एवढेच पणजीस पोचून सिद्ध होते. चाक सरळ आहे या ज्ञानाची फळे निराळी आहेत: दोरीच्या दोन्ही बाजूंस सारखी फट, चक्राच्या दात्यांवर दोन्ही कडांस सारखी झीज. ज्या विधानाची परीक्षा करावयाची त्याच्याच फळाकडे पाहावे लागते. शेजारच्या फळाकडे बोट दाखवून सुटता येत नाही. आणि शीलाच्या बाबतीत आपण नेहमी शेजारच्या फळाकडेच बोट दाखवितो.

अनवस्थेविषयी उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमाञ्जली'त दिलेले उत्तर आम्हांस पुरेसे वाटते. शंकेला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या आचरणाशी येणाऱ्या विरोधात आहे. ज्या गोष्टीवर विसंबून तू खुशाल वागतोस तिच्याविषयी शंका मिरवू नकोस, असा त्याचा आशय. अंगणात याचा अर्थ सोपा होतो. चाक हाताने फिरवून ते आउट नाही हे पाहावे, टायरवर नजर फिरवावी, पुस्तिका उघडून मूळ योजना समजून घ्यावी, आणि मग दोरीवर विसंबावे. दोरीचीही शंका घेणारा मनुष्य त्याच संध्याकाळी त्याच गाडीवर बसून बाजारात जाणार असेल, तर त्याच्या शंकेत तत्त्वज्ञानापेक्षा आळस अधिक आहे.

मोटारसायकल आणि तत्त्वज्ञान ही नावे एकत्र आली की रॉबर्ट पर्सिग यांच्या 1974 साली प्रसिद्ध झालेल्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स' या पुस्तकाची आठवण होणे क्रमप्राप्त आहे. हे अमेरिकन गृहस्थ तरुणपणी काही काळ काशी हिंदू विश्वविद्यालयात आपलेच तत्त्वज्ञान शिकून गेले होते. स्वतःची गाडी स्वतः राखणारा आणि ती परक्या हाती सोपवून मोकळा होणारा, अशी दोन माणसे त्यांनी समोरासमोर उभी केली आहेत, आणि त्यांचा कल पहिल्याकडे आहे. आमचाही आहे, पण कारण थोडे निराळे. मिस्त्रीला कौशल्य कमी असते असे मुळीच नाही. पाना न धरता आयुष्य काढलेल्या लेखकांपेक्षा त्याला लाख पटींनी अधिक कळते. पण त्याच्या दुकानापुढे गाड्यांची रांग असते, खाचा मोजून काम उरकणे त्याच्या वेळेस परवडते, दोरी बांधणे परवडत नाही, आणि आपण त्याला त्या अर्ध्या तासाचे पैसे देऊ करीत नाही. शिवाय आपला हात किती सावरतो हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. तो गाडी पन्नास पावले फिरवून आणतो, तीही उतरत्या रस्त्यावर. घरी काम करण्यात पैसे वाचतात हा लाभ गौण आहे. ज्याने वाकडेपणा सावरला त्यानेच तो फटीच्या रूपाने डोळ्यांनी पाहणे, हा लाभ आम्हांस मुख्य वाटतो.

सर्वांत कठीण प्रकरण अजून राहिले. कधीकधी दोरीप्रमाणे दोन्ही चाके एका रेषेत येतात, पण मागून वाकून पाहावे तर चेन पुढच्या चक्राकडे तिरकी जाताना दिसते. आणि चेन सरळ करावी तर चाके रेषेबाहेर जातात. याचा अर्थ सांगाडाच कोठे तरी वाकलेला आहे. मग एका सरळपणाशी इमान राखले की दुसऱ्याशी बेइमानी होते. खरा उपाय म्हणजे सांगाडा सरळ करून घेणे. तो खर्चाचा असतो, आणि तोपर्यंत गाडी चालवावी तर लागतेच. कित्येक अनुभवी माणसे अशा वेळी चेनची बाजू घेतात, आणि चेन झिजू नये हा त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. आम्ही मात्र चाकांची बाजू घेतो. चेनची झीज डोळ्यांस दिसते. दर पाचशे किलोमीटरांस तेल घालताना ती आपोआप तपासली जाते, आणि वेळेवर बदलली तर तिचा भुर्दंड मालकाच्या खिशास बसतो. चाकांचा तिरपेपणा हातात मुरतो आणि दिसेनासा होतो. दोन दोषांपैकी एक पत्करणे भागच असेल, तर जो लपून राहत नाही आणि ज्याचे बिल आपल्याच नावे येते तो पत्करावा, असे आमचे मत आहे. ते सर्वांस मान्य होईल अशी आमची अपेक्षा नाही.

आणि अशी गाडी विकावयाची वेळ आली तर? जुन्या गाड्यांच्या बाजारात विकणाऱ्याचे एक वाक्य ठरलेले असते: "गाडी अगदी सरळ चालते." वाकलेल्या सांगाड्याच्या गाडीबाबतही हे वाक्य अक्षरशः खरे आहे, हे वर आलेच आहे. घेणारा फेरफटका मारून येतो, त्याचा हात नकळत सावरतो, तो मान डोलावतो. कोणी खोटे बोललेले नसते. आपल्या भाषेत 'आर्जव' या शब्दाचे जे झाले ते येथे आठवते. ऋजू म्हणजे सरळ. आर्जव म्हणजे सरळपणा, आणि गीतेच्या सोळाव्या अध्यायात तो दैवी संपत्तीत गणलेला आहे. मराठीत मात्र आर्जव करणे म्हणजे गयावया करणे. सरळपणाचा शब्द गरजू माणसाच्या बोलण्याच्या सुरास कसा चिकटला हे शब्दशास्त्रज्ञांनी पाहावे. जुन्या गाड्यांच्या बाजारात उभे राहिले की तो अर्थपालट फारसा चमत्कारिक वाटत नाही.

खरे वाक्य बोलल्याने विकणाऱ्याची जबाबदारी संपते, असे कायदा कदाचित म्हणेल. आम्हांस ते पटत नाही, कारण ते वाक्य कोणाच्या हाताने खरे होते हे विकणाऱ्यास ठाऊक आहे आणि घेणाऱ्यास नाही. त्याने गाडी पुन्हा मेन स्टँडवर घ्यावी, दोरी आणावी, एक पदर घेणाऱ्याच्या हाती द्यावा, आणि दोन्ही बाजूंच्या फटी त्यालाच मोजू द्याव्यात. मग चेन कोठून तिरकी जाते तेही मागे बसवून दाखवावे. किंमत उतरेल, घासाघीस होईल, क्वचित गिऱ्हाईक उठून जाईल. ते जाऊ द्यावे. दोरी गुंडाळून ठेवावी, दुसरे गिऱ्हाईक आले की पुन्हा लागेल.